आमचे मेस्तबाब : तुमच्याकडे जे असेल ते लिहा

मेस्तबाब जाऊन महिना झाला, परवा त्यांच्या महिन्याच्या मीसला (चर्चमधली प्रार्थना) गेलो होतो, बाहेर आल्यावर खुरसाकडे (क्रूसापाशी) उभे राहून जो तो त्यांचं काहीतरी सांगत होता, म्हटलं हे सगळं एका जागी राहूदे. शुद्धलेखन बघू नका, आठवेल तसं टाका.

माझ्यापासून सुरुवात. म्हापशाच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान, घर आमच्या कुंपणाला लागून. खरं तर ते मेस्त नव्हतेच. मेस्त म्हणजे इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत पोरांना सोल्फेज (सूर वाचून गाणं) नि व्हायोलिन शिकवणारा, पोर्तुगीजांनी 16व्या शतकात चालू केलेल्या ह्या शाळा, मुंबईच्या सिनेमात एवढे गोंयकार वादक गेले त्यातल्या बऱ्याच जणांचा पाया तिथलाच. आमच्या गावच्या शेवटच्या मेस्ताचे हे शिष्य, तो गेल्यावर नाव यांना चिकटलं. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा 17 वर्षांचे, लॅटिन मीस तोंडपाठ, आणि पुढे व्हॅटिकनने लोकांच्या भाषेत मीस चालेल म्हटल्यावर सगळं कोंकणीत परत शिकले. दुकान सातला बंद म्हणजे बंद, कारण सातला बायको रोजारीला (घरची माळेवरची प्रार्थना) वाट बघते. गिऱ्हाईक लग्नाचा सूट घेऊन उभं असलं तरी.

मी देवळात पेटी वाजवतो. श्रावणात आमच्या भजनाला ते मागे खांबाला टेकून बसायचे. एकदा बुवा अभंग रंगवतायत, आम्ही सगळे गंधारावर, आणि मागून कोणीतरी खाली षड्ज धरून बरोबर चाललाय, आम्ही वर गेलो की तोही वर, पण एक मजला सोडून. बुवा थांबले, रागावले, कोण तो बेसूर? मेस्तबाब हात जोडून म्हणाले, बेसूर नाही हो बुवा, सेगुंद. दुसरा आवाज. आयुष्यभर तेच गायले म्हणे, पहिला आवाज कधी घेतलाच नाही. बुवांना शेवटपर्यंत पटलं नाही, पण पुढच्या श्रावणात मेस्तबाब दिसले नाहीत तर पहिल्यांदा चौकशी त्यांनीच केली.

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून सांगते, तापट होते हां. मी आठ वर्षं कोरावर (इगर्जीतल्या गाणाऱ्यांत) त्यांच्या हाताखाली. उशीर झाला तर जिन्यातूनच परत पाठवायचे. कॉरेज्मात (ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस) मोतेत (अनेक आवाजांचं धार्मिक गाणं) बसवताना एकेक ओळ वीस वीस वेळा, आणि चुकलं की पट्टी थेट बाकावर. कीबोर्डवर आयता ताल लावला तेव्हा तर दोन आयतार (रविवार) आलेच नाहीत, घरी रुसून बसले. मग बायकोनेच हाताला धरून आणलं.

कुवेतहून लिहितोय. माझा पप्पा आणि मेस्तबाब एकाच वेळी बोटीवर जाणार होते, कागद झालेले, मेडिकल झालेली. धाकटी मुलगी आजारी पडली आणि ते राहिले ते राहिलेच. पप्पाने तारवटी (बोटीवरचा खलाशी) होऊन बंगला बांधला, हे आयुष्यभर काजं-बटणं करत बसले. वाईट वाटायचं का ठाऊक नाही, पण पप्पा सुट्टीवर आला की त्याच्या हातची नवी घड्याळं बघायचे मात्र नीट निरखून. मे महिन्यात खुरसाकडे लदीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) झाली की आम्हा पोरांचं लक्ष मग वाटायच्या चण्यांवर. हे स्वतःचे चणे कागदात बांधून घरी न्यायचे, तिथे एक दाणा खायचे नाहीत.

मी त्यांची सून. सावंतवाडीची, लग्न होऊन आले तेव्हा पायांशी (आम्ही त्यांना पाय म्हणतो) बोलायला अडचण नाही आली, गिऱ्हाइकांमुळे मराठी छान. पण इगर्जीत मी नुसती उभी, कारण गायनांचं (प्रार्थनेच्या गाण्यांचं) पुस्तक रोमी लिपीतलं आणि ती कोंकणी मला वाचताच येईना, इंग्लिशसारखी वाचली की घरातले हसायचे. चार-पाच महिन्यांनी, नाताळच्या आधी, पायांनी एक दोनशे पानी वही हातात दिली. सगळी गायनां देवनागरीत. मात्रा वाट्टेल तिथे, पण अक्षर टाक्यासारखं सरळ. देवनागरी त्यांना कोणी शिकवली ते कधी सांगितलं नाही, विचारलं की म्हणायचे दुकानांच्या पाट्या वाचून.

अगं वहिनी, थांब! मी तुमच्या मागच्या घरातला, आता पुण्यात असतो. मी चौथीत होतो, ते मला दुकानात बसवून लिमलेटच्या गोळ्या द्यायचे आणि बाराखडी लिहून घ्यायचे. मला वाटायचं माझाच अभ्यास घेतायत. ‘ळ’ त्यांना जमायचाच नाही, आणि कोंकणीत तर पावलोपावली ळ, मग माझ्याकडून परत परत काढून घ्यायचे. कशासाठी ते आज कळतंय.

सूनच परत. वहीच्या शेवटच्या पानावर पोराच्या अक्षरात ळ ळ ळ ळ अशी अख्खी ओळ आहे, आणि खाली पायांची एक, वाकडी. इतकी वर्षं मला वाटलं आमच्या थोरल्याने गिरवलंय. वही सासूबाईंच्या उशाशी आहे, त्या उठल्या की फोटो काढून टाकते.