मदत हवी: गळा स्वच्छ ऐकू येईल असे छोटे स्पीकर कोणते?

सूरशोधक
मिडरेंज (माणसाचा गळा असतो तो मधल्या स्वरांचा पट्टा) उत्तम असलेली छोटी जोडी हवी आहे. बास कमी असला तरी चालेल. सध्याच्या जोडीवर गाणारा माणूस डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. उद्यापर्यंत ठरवायचंय. कृपया थेट मॉडेल सांगा, सिद्धांत नकोत.

चुंबक
अँप (अँप्लिफायर) कोणता? बसता किती अंतरावर? स्पीकर ठेवणार कुठे? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

पंधरा_ओहम
एलएस३/५ए. विषय संपला. बीबीसीने तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवला, म्हणजे अरुंद जागेत निवेदकाचा आवाज नीट पारखता यावा म्हणून. जेमतेम ५ लिटरचा बंद डबा, केईएफ कंपनीचा बी११० वूफर (खालच्या आणि मधल्या स्वरांसाठी) आणि टी२७ ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी). माणसाच्या आवाजाचा इतका खरा पोत दुसऱ्या छोट्या डब्यात नाही. आजही परवान्याने बनतो.

उतार
पोताबद्दल सहमत, 'विषय संपला'बद्दल नाही. मिडरेंज बिघडतो तो बहुतेक वेळा वूफर आणि ट्वीटरच्या सांध्यावर. १६ सेंमीच्या वूफरचा आवाज अडीच किलोहर्ट्झच्या आसपास झोताप्रमाणे अरुंद व्हायला लागतो. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे काम जाण्याचा सांधा, ३ किलोहर्ट्झला असेल तर त्याच्या वर ट्वीटर एकदम चहूकडे आवाज फेकतो. समोरून मोजलेला आलेख (कोणता स्वर किती जोरात येतो याचा) सरळ दिसतो, पण बाजूच्या भिंतींवरून येणारा आवाज वेगळाच, आणि कान दोन्ही एकत्र ऐकतो. म्हणून ११ ते १३ सेंमीचा वूफर, नाहीतर वेव्हगाइडमधला (उथळ कर्ण्यात बसवलेला) ट्वीटर, नाहीतर केईएफ एलएस५०सारखा समाक्ष ड्रायव्हर, म्हणजे ट्वीटर वूफरच्या मधोमध. तुलना करताना ३० आणि ६० अंशांवरचे आलेख मागा. नुसत्या 'अमुक ते तमुक हर्ट्झ' या आकड्यातून काहीच कळत नाही.

काचनळी
स्पीकर राहू द्या, ट्यूब अँप (काचेच्या नळ्यांचा) लावा. मिडरेंज तिथे जन्मतो.

उतार
असहमत. ट्यूब अँपचा आउटपुट इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पिडन्सचे चढउतार थेट आवाजात उतरतात. पुष्कळ दोन-मार्गी स्पीकरांत क्रॉसओव्हरजवळ, १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये, इम्पिडन्सचा उंचवटा असतो. तिथे आवाज थोडा वर येतो आणि गळा पुढे आल्यासारखा वाटतो. आवडत असेल तर जरूर ऐका, पण स्पीकर बदलला की तो गुणही बदलणार.

काचनळी
कानाला गोड लागलं की झालं. आलेख कोण ऐकतं?

तांबेतार
५ मीटरपर्यंत दीड चौरस मिमी तांब्याची वायर घ्या. जाण्यायेण्याचे १० मीटर धरले तरी रोध साधारण ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला पुरेसं आहे. बाय-वायरिंगच्या (वूफर-ट्वीटरला वेगवेगळ्या वायरी) नादी लागू नका.

सूरशोधक
वायरबद्दल विचारलंच नव्हतं. अँप २० वॉटचा, ट्रान्झिस्टरचा. अंतर सव्वादोन मीटर. स्पीकर पुस्तकांच्या कप्प्यात आहेत, नवेही तिथेच राहतील. त्याने काय फरक पडतो?

चुंबक
सगळा फरक तिथेच आहे! बहुतेक स्पीकर मोकळ्यात उभे राहतील असं धरून ट्यून केलेले असतात. कप्प्यात साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा भाग फुगतो, आणि पुरुषी आवाजाची छाती नेमकी तिथेच असते. शिवाय स्पीकरच्या समोरच्या फळीपासून मागची भिंत ३० सेंमीवर असेल तर परतणारी लाट २८५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खोडते. खाली फुगवटा, मध्ये खड्डा, म्हणून डब्यातला आवाज. पोर्ट (डब्याला बाससाठी ठेवलेलं भोक) मागे असेल तर त्याची भर वेगळी.

खरेदीआधी आजच हे करा. दोन्ही स्पीकर कप्प्याबाहेर स्टुलांवर ठेवा, भिंतीपासून १ मीटर पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीवर. एकट्या गळ्याचं मोनो (दोन्ही स्पीकरांत एकसारखं) रेकॉर्डिंग १ मीटरवरून ऐका. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका ठिपक्यात दिसायला हवा. पसरट आणि पोकळ आला तर एका बाजूच्या वायरींचे लाल-काळे उलटे आहेत.

सूरशोधक
वायरी बरोबर आहेत. बाहेर काढल्यावर डबा बराचसा गेला. पण 'स' अजून टोचतो. आणि खोलीत कायमचे स्टँड ठेवता येणार नाहीत.

चुंबक
मग बंद डब्याचेच (पोर्ट नसलेले) घ्या. स्पीकरच्या समोरच्या फळीची कड कप्प्याच्या कडेपेक्षा सेंमीभर पुढे ठेवा, आजूबाजूची पोकळी पुस्तकांनी भरा. सध्याच्या जोडीच्या पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून बघा, खालचा फुगवटा उतरेल. 'स'साठी स्पीकर थोडे बाहेर वळवा, म्हणजे ट्वीटर थेट कानावर येणार नाही. तेवढ्याने शांत झाला नाही तर दोष सांध्यात आहे, उतार यांनी सांगितलेला.

पंधरा_ओहम
म्हणजे फिरून एलएस३/५एच! नाहीतर हार्बेथ पी३ईएसआर, तोही बंद डबा.

उतार
दोन्हींची संवेदनशीलता (साधारण १ वॉटवर १ मीटर अंतरावर मिळणारा आवाज) ८३ डेसिबलच्या आसपास. २० वॉट म्हणजे त्यावर १३ डेसिबल, जोडीचे आणखी ३, बंद खोलीत सव्वादोन मीटरच्या अंतराने साधारण ५ वजा. ९४ पर्यंतची शिखरं निघतील. गायनाला पुरे, मोठ्या वाद्यवृंदाला अपुरे. जोरात ऐकता का?

काचनळी
अँप बदलायचा विषय शेवटी निघालाच.

सूरशोधक
जोरात नाही, रात्री ऐकतो. पी३ईएसआर आणि एलएस३/५ए, दोन्ही याच कप्प्यात ठेवून ऐकायला मिळतात का बघतो. तुलना करताना आवाजाची पातळी सारखी कशी करायची?

उतार
पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला खरखरता चाचणी-आवाज) लावा. मोजणी स्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावून नको, कानाच्या जागी मापन-माइक ठेवून करा. अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. जरासा मोठा वाजणारा नेहमी चांगला भासतो.