तालुका कोर्टात वकिलाचं नाव कशानं होतं: वागण्यानं की आडनावानं?

काळा_डगला
वकिलांच्या वागणुकीवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ३५ आणि ३६ एकाखाली एक आहेत. ३५ म्हणतो, समोरच्या पक्षाला दिलेला रास्त शब्द लेखी नसला तरी पाळायची पराकाष्ठा करा. ३६ म्हणतो, जाहिरात करायची नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची, आणि तिच्यावर 'फौजदारी तज्ज्ञ' किंवा 'माजी न्यायाधीश' असलं काही लिहायचं नाही. २००८ पासून वेबसाइट चालते, पण तिथंही नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र असली मोजकीच माहिती.

मग नवख्याचं नाव व्हायचं कुठून? माझ्या मते ३५ मधून. समजा मॅटर पुकारलं आणि समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलेत. एक जण लगेच उठून म्हणतो, 'साहेब, कोणी हजर नाही, एकतर्फी आदेश करा.' दुसरा म्हणतो, 'साहेब, पास ओव्हर ठेवा (म्हणजे थोड्या वेळानं परत पुकारा), ते बाजूच्याच कोर्टात आहेत.' मागच्या बाकांवर आपला नंबर यायची वाट बघणारी वकीलमंडळी हे ऐकत असतात. पुढं त्यांच्याकडं स्वतःला घेता न येणारी केस येते (भावकीतली, नाहीतर दुसऱ्या बाजूचं वकीलपत्र आधीच घेतलेलं), तेव्हा ते कोणाकडं पाठवतात? तालुक्याला बरंचसं काम असंच फिरत येतं.

शिरस्तेदार, बेलिफ, पट्टेवाले यांच्याशी कसं बोलता तेही यातच आलं. बोलणं म्हणतोय, पाकीट नव्हे.

पहिलीच_पिढी
ज्यांच्या वडिलांची पाटी आधीच लागलेली असते त्यांना हे सौजन्य परवडतं. वकिलाचं पोर सनद घेऊन बाररूममध्ये आलं की 'अमक्यांचा ना तू? ये, बस' म्हणत खुर्ची सरकवली जाते. माझ्यासारखा व्हरांड्यात उभ्यानं फाइल वाचतो.

ज्युनियरना महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. शिफारस म्हणून, सक्ती नाही. आमच्याकडं पेट्रोलचे पैसे सुटले तरी सिनियर दिलदार म्हणायचा. अशा पोटाला 'बाकावरचे बघतायत, हळूहळू नाव होईल' हे सांगणं सोपं आहे. शिवाय अशिलाला आवाज हवा असतो. 'पास ओव्हर ठेवा' म्हटलं की दाराशी उभा असलेला माझा पक्षकार समजतो, वकील फुटला.

वादी_क्रमांक_एक
मी वकील नाही, वाटपाच्या दाव्यातला वादी आहे. तुमच्या या चांगुलपणाचं बिल आम्ही भरतो ते कोणी बोलेना.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १७, नियम १ आहे. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती (म्हणजे पुढच्या तारखा) द्यायच्या नाहीत. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये अगदी अपवादाच्या प्रसंगापुरती फट ठेवली. आमच्या तालुक्यात त्या फटीतून बैलगाडी जाते. कारण काय, तर 'समोरचे वकील चांगले आहेत हो, देऊ एक मुदत.' मी कांदा काढणीच्या बाया शेतात सोडून एसटीनं येतो आणि तारीख घेऊन परत जातो. पूर्वी आत काय झालं ते कळायचं तरी नाही. आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतं. वकीलसाहेब म्हणाले, 'जजसाहेब रजेवर होते.' ॲपवर होतं, 'वादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर'. म्हणजे आमचाच अर्ज! बाररूममध्ये आमच्या साहेबांचं नाव लई चांगलं आहे म्हणे.

टायपिंगवाला
कोर्टाच्या गेटवर बसतो. खेड्यातून आलेला माणूस आत जायच्या आधी आम्हाला विचारतो, 'भाऊ, वकील चांगला कोण?' आणि आम्हाला माहीत असतं कोण अर्ज सहीपुरता बघतो, कोण वाचून गट नंबर दुरुस्त करतो, टायपिंगचे पैसे कोणाकडं थकलेत. आडनाव ज्याचं त्याच्यापाशी.

पहिलीच_पिढी
भाऊ, रागावू नका, पण जाहिरातीच्या त्याच नियम ३६ मध्ये दलालांमार्फत काम मिळवणंही बसतं. ऑनलाइन कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करा, असं मद्रास हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये बार कौन्सिलला बजावलं. म्हणजे मी नेटवर चार ओळी टाकल्या तर सनदेवर गदा, आणि गेटवर तुम्ही कोणाची टायपिंगची उधारी नाही ते बघून नाव सुचवणार. ज्याच्याकडं पैसेच नाहीत त्याची उधारी राहणारच की!

टायपिंगवाला
मी कोणाकडून रुपया घेत नाही. विचारलं तर सांगतो. उधारी तुमच्यासारख्यांची नसते साहेब, मोठ्यांचीच असते.

काळा_डगला
वादीसाहेब, दोन गोष्टींची गल्लत होतेय. पास ओव्हर म्हणजे त्याच दिवशी, थोड्या वेळानं. त्यात तारीख पडत नाही. मुदतीला 'ना हरकत' लिहून देणं वेगळं. ती हरकत पक्षकाराची असते, त्याला न विचारता वकिलानं ती वाटायचीच नाही. तुमच्या वकिलांनी तर स्वतःच अर्ज देऊन वर जजसाहेबांवर ढकललं. याला मी सौजन्य म्हणत नाही, आणि असलं नाव ॲपच्या जमान्यात फार दिवस टिकेल असंही वाटत नाही.

पहिलीच_पिढी, खुर्चीचं खरं आहे. पण चांगली खुर्ची मिळालेली आमच्याकडची दोन-तीन पोरं आज वडिलांच्या पाटीखाली नोटरीचे शिक्के मारतायत. समोरच्याला दिलेला शब्द फिरवला की पुढच्या वेळी त्यांच्या तडजोडीच्या पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) कोणी सहजी सही करत नाही. आणि तडजोडच होत नसेल तर तालुक्याला दिवाणी वकील खाणार काय?

पहिलीच_पिढी
दोन-तीन. आणि बाकीची?

वादी_क्रमांक_एक
तुमचं चालू द्या. पुढच्या आठवड्यात माझी तारीख आहे. परत मुदत मागू नका, हे साहेबांना कसं सांगू? वाईट वाटेल त्यांना.

काळा_डगला
आदल्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगा, कोर्टाच्या व्हरांड्यात चार लोकांत नको. समोरच्यांनी मुदत मागितली तर खर्च लावून द्यावी असा आग्रह धरा म्हणावं. आदेश १७ मध्येच ती तरतूद आहे.

पहिलीच_पिढी
खर्च किती लावतात तेही सांगून टाका. आमच्याकडं दोनशे रुपये. त्यांचं एसटीचं भाडं आणि बायांची मजुरी धरा बरं.