रू जाकोबचे शुक्रवार: बैठक चालवणे हे साहित्यिक कार्य मानावे का?

शब्दवेल (धाग्याची सुरुवात)

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावर, २०, रू जाकोब या पत्त्यावर १९०९ पासून एक अमेरिकन लेखिका राहत होती आणि दर शुक्रवारी तिच्या घराचे दार लेखक, चित्रकार आणि संगीतकारांसाठी उघडे असे. दुसऱ्या महायुद्धामुळे पडलेला खंड सोडला, तर हा परिपाठ तिने थेट म्हातारपणापर्यंत चालू ठेवला. नॅटली क्लिफर्ड बार्नी हे तिचे नाव. जन्म १८७६ चा, ओहायो राज्यातल्या डेटनचा. मृत्यू १९७२ मध्ये, पॅरिसलाच. वडिलांच्या घराण्याचा रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना होता, आई ॲलिस पाइक बार्नी स्वतः चित्रकार होती. नॅटलीने मुख्यतः फ्रेंचमध्ये कविता, छोटी वचने आणि आठवणी लिहिल्या. तरी साहित्याच्या इतिहासात तिचा उल्लेख येतो तो बहुधा इतरांच्या चरित्रांतून, पाहुण्यांची सरबराई करणारी श्रीमंत बाई म्हणून. माझे म्हणणे असे, की ही बैठक, ज्याला तिकडे सलाँ म्हणतात, तीच तिची सर्वांत मोठी साहित्यिक कामगिरी आहे आणि तिची गणना कामगिरी म्हणूनच झाली पाहिजे.

१९२९ साली निघालेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकाला तिने स्वतः काढलेला एक नकाशा जोडलेला आहे. तो तिच्या दिवाणखान्याचा नकाशा आहे. त्यात चहाचे टेबल आहे, बागेतले डोरिक या ग्रीक घडणीच्या खांबांचे छोटे देऊळ आहे (दारावर ‘मैत्रीला अर्पण’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेले), आणि उरलेली सगळी जागा माणसांच्या नावांनी भरलेली आहे. नावे इतकी दाटीने लिहिलेली आहेत, की काही वाचायला कागद डोळ्यांजवळ न्यावा लागतो. आलेल्या-गेलेल्यांत रिल्के, कोक्तो, कोलेत, गर्ट्रूड स्टाइन, एझ्रा पाउंड असे लोक होते. रवींद्रनाथ ठाकूर यांचेही नाव पाहुण्यांत घेतले जाते. फ्रेंच बोलणारे आणि इंग्रजी बोलणारे लेखक एका गावात राहूनही एरवी आपापल्या वर्तुळात वावरत. ते एका खोलीत आले, कारण कोणीतरी त्यांना नेमाने बोलावत होते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९२७ ची गोष्ट. फ्रेंच अकादमी ही फ्रेंच भाषा-साहित्याची मानाची संस्था १६३५ मध्ये स्थापन झाली, तिचे चाळीस सभासद, आणि तोवर एकही स्त्री आत घेतलेली नव्हती. बार्नीने आपल्या घरी स्त्रियांची अकादमी सुरू केली. एकेका शुक्रवारी एकेका लेखिकेचा सन्मान, तिच्या लेखनाचे वाचन, तिच्याविषयी दुसऱ्या लेखिकेचे भाषण. कोलेत, राशिल्द, ल्युसी दलारू-मार्द्र्यू, मिना लॉय, ज्यूना बार्न्स यांची अशी ओळख तिथे झाली. स्टाइनसाठी बार्नीने तिच्या अवघड गद्यातील उतारे स्वतः फ्रेंचमध्ये आणले. खुद्द फ्रेंच अकादमीला पहिली स्त्री सभासद, मार्गरित युर्सेनार, निवडायला १९८० साल उजाडले. या त्रेपन्न वर्षांचे अंतर मला तरी लहान वाटत नाही.

कोरा कागद

आपण मांडलेली माहिती उत्तम आहे, पण निष्कर्ष पटला नाही. वडील १९०२ मध्ये वारले आणि मुलीला आयुष्यभर पुरेल एवढी संपत्ती मिळाली. ज्याला पोटाची चिंता नाही, नोकरीची वेळ नाही, स्वयंपाकघर सांभाळायला माणसे आहेत, त्याने आठवड्यातून एकदा दार उघडे ठेवले तर त्याला औदार्य जरूर म्हणावे. साहित्यिक कार्य म्हणताना मात्र माझा हात अडतो.

तुलनेसाठी दूर जायला नको. त्याच काळात, त्याच तीरावर सिल्व्हिया बीच ही दुसरी अमेरिकन स्त्री होती. तिने १९१९ मध्ये इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढले, १९२१ मध्ये ते रू द लोदेओनवर नेले, वर्गणी घेऊन पुस्तके वाचायला दिली, आणि १९२२ च्या फेब्रुवारीत जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही प्रचंड कादंबरी छापली, जिला हात लावायला एकही इंग्रजी प्रकाशक तयार नव्हता. पैशाची ओढाताण इतकी, की १९३६ मध्ये दुकान तगवण्यासाठी लेखकमित्रांना वर्गणीदार जमवावे लागले. तिचे दार रोज उघडे होते आणि कोणालाही उघडे होते. रू जाकोबला मात्र ओळख लागत असे. जिथे प्रवेश निमंत्रणावर ठरतो, तिथे साहित्याची सेवा होते की एका वर्तुळाची, हा प्रश्न विचारायलाच हवा.

उत्तररात्र

कोरा कागद, आपला मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण बंद दाराचे कारण तपासले तर चित्र बदलते. बार्नीचे पहिले पुस्तक १९०० मध्ये आले: स्त्रियांवर लिहिलेल्या फ्रेंच कवितांचे. त्या प्रेमकविता होत्या आणि त्या स्त्रीने स्त्रियांना उद्देशून लिहिल्या होत्या. पुस्तकातली चित्रे आईने काढली होती. ज्या स्त्रियांना समोर बसवून ती काढली, त्यांच्यापैकी काहींवर मुलीचे प्रेम आहे याची त्या माउलीला कल्पनाही नव्हती. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, तेव्हा वडिलांनी शिल्लक प्रती आणि छपाईचे साचे विकत घेऊन नष्ट केले. तेविसाव्या वर्षी स्वतःच्या पहिल्या पुस्तकाची अशी वासलात लागलेली जिने पाहिली, तिने पुढे स्वतःचे घर घेऊन तिथे कोण येईल हे स्वतः ठरवले, यात मला उच्चभ्रूपणापेक्षा संरक्षण दिसते.

वडिलांच्या धाकाने पुढचे एक पुस्तक टोपणनावाने काढले ते सोडले, तर तिने काही लपवले नाही, आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला साहित्यात केवळ शोकांतिका म्हणूनच यावे लागते, हे तिने मान्य केले नाही. तिची मैत्रीण, कवयित्री रने व्हिव्हियाँ, बत्तिसाव्या वर्षी, १९०९ मध्ये खंगून गेली. त्याच वर्षी बार्नी रू जाकोबला राहायला आली. पुढे १९४९ मध्ये तिने व्हिव्हियाँच्या नावाने कवयित्रींसाठी पुरस्कार पुन्हा सुरू केला. दुकानाच्या काउंटरवर पुस्तक विकत मिळते, पण आपल्यासारख्या आणखी चार जणी जगात आहेत हे तिथे कळतेच असे नाही. रू जाकोबला ते कळत असे. मला स्वतःला लहान गावात वाढताना अशी एक खोली हवी होती, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

दीपमाळ

खोलीची गरज मान्य आहे आणि आपण लिहिले ते मनाला भिडले. तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. साहित्याचा हिशेब शेवटी पानावर होतो, आणि पानावर बार्नी काय ठेवून गेली? छोट्या वचनांची पुस्तके, आठवणी, काही कविता आणि १९३० मधली इंग्रजीतली एकुलती एक कादंबरी, तीही मोजक्या प्रतींची. १९२० च्या वचनसंग्रहात धार आहे, विशेषतः युद्धाविरुद्धच्या पानांत, हे मी मानतो. पण ती स्वतः लिहिण्यापेक्षा इतरांच्या लिहिण्यात जास्त सापडते. फ्रेंच लेखक रेमी द गूर्माँने तिला उद्देशून पत्रे लिहिली आणि ‘ॲमेझॉन’ (ग्रीक पुराणकथांतली योद्धी) हे नाव तिला कायमचे चिकटले. ज्यूना बार्न्सने १९२८ मध्ये आपल्या पुस्तकात तिला इव्हँजेलिन म्यूसेट हे पात्र करून टाकले. त्याच वर्षी रॅडक्लिफ हॉलच्या कादंबरीत ती व्हॅलेरी सेमूर झाली. दुसऱ्यांच्या पुस्तकांत उत्तम पात्र होणे हे लेखिकेचे यश कसे मानायचे?

शिवाय बैठकीतून उभ्या राहिलेल्या योजनांकडेही पाहावे. १९२२ मध्ये पाउंडने बार्नीच्या साथीने एक मदतनिधी काढला. टी. एस. एलियट लंडनच्या बँकेत नोकरी करत होता. तीस जणांनी वर्षाला दहा पौंड द्यावेत, म्हणजे तीनशे पौंडांत तो नोकरी सोडून कविता लिहील, असा हिशेब होता. एलियटला या जाहीर वर्गणीचा संकोच वाटला, योजना बारगळली, आणि तो १९२५ मध्ये बँकेतून बाहेर पडला तो प्रकाशनसंस्थेत दुसरी नोकरी धरून. बैठकीतल्या उत्साहाला व्यवहाराचे पाय नसले की असेच होते.

शब्दवेल

दीपमाळ, एलियटचे उदाहरण रास्त आहे, पण एक फसलेली योजना दाखवून साऱ्या शुक्रवारांचा निकाल लावता येणार नाही. जॉर्ज अँथीलचे उदाहरण घ्या. बार्नीची स्वतःची संगीताची आवड जुन्या वळणाची होती, अँथीलचे संगीत तिच्या कानाला रुचणारे नव्हते. तरीही त्याच्या पहिल्या तंतुवाद्य-चौकडीचा आणि पाच वाद्यांच्या सिंफनीचा पहिला प्रयोग तिच्याच घरी झाला. जे आपल्याला स्वतःला आवडत नाही, त्यालाही आपल्या घरात ऐकू येण्याची संधी द्यायची, हा गुण मी संपादकात शोधतो आणि तो मला फार थोड्या संपादकांत सापडतो.

आणि पानाचा हिशेब म्हणाल, तर पान कोऱ्या हवेत लिहिले जात नाही. लेखकाला आपले लिखाण प्रथम वाचून दाखवायला कोणीतरी लागते, आणि ऐकणारा त्या लायकीचा असावा लागतो. अशी माणसे वर्षानुवर्षे एका ठिकाणी जमवण्यात जे श्रम आहेत, कोणाशेजारी कोणाला बसवायचे, कोणाचे भांडण मिटवायचे, कोणाला मुद्दाम पुन्हा बोलवायचे, ते श्रम दिसत नाहीत म्हणून आपण ते शून्य धरतो. हे श्रम बहुतेक वेळा बायकांनी केले आहेत, आणि हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

नवखा वाचक

या धाग्यावर एकानेही तिच्या युद्धकाळातल्या भूमिकेचा उल्लेख केला नाही, म्हणून विचारतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, याच बागेतल्या देवळात स्त्रियांनी शांततेसाठी सभा घेतल्या, असे मी वाचले आहे. मग दुसऱ्या महायुद्धात हीच बाई फॅसिस्टांच्या बाजूने कशी बोलू लागली? ते खरे असेल, तर आपण कोणाचा गौरव करतो आहोत?

कोरा कागद

ते खरे आहे. युद्धाची वर्षे तिने चित्रकार रोमेन ब्रुक्सबरोबर फ्लॉरेन्समध्ये काढली. तिथे लिहिलेल्या आणि अप्रकाशित राहिलेल्या आठवणींत फॅसिस्टांची भलामण आहे, ज्यूंविषयी द्वेषाचे लिखाण आहे, हिटलरच्या भाषणांतले उतारे आहेत. तिच्या आईकडच्या घराण्यात ज्यू रक्त होते आणि त्याबद्दल इटलीतल्या अधिकाऱ्यांनी तिची चौकशीही केली. बहीण लॉराने तिच्या ख्रिस्ती धर्मविधीचा दाखला साक्षांकित करून पाठवला, तेव्हा ती सुटली. ज्यांच्याकडे असा दाखला पाठवणारी बहीण नव्हती, त्यांचे काय झाले हे आपण सगळे जाणतो. तीस वर्षे उत्तमोत्तम माणसांशी बोलूनही जर विवेक इतका कच्चा राहत असेल, तर संभाषणाने माणूस घडतो या समजुतीवरच मला शंका येते.

शब्दवेल

याला माझ्याकडे बचाव नाही आणि मी तो शोधणारही नाही. ते लिखाण भीतीपोटी, आपण ज्यू नाही हे दाखवण्यासाठी झाले असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. काही जण पाउंडच्या रोमहून होणाऱ्या, ज्यूद्वेष्ट्या रेडिओ-भाषणांचा परिणाम मानतात. तिने एका ज्यू दांपत्याला अमेरिकेची जहाजाची तिकिटे मिळवून देऊन इटलीबाहेर काढले, हेही नोंदलेले आहे. या गोष्टीने त्या लिखाणातला एक शब्दही पुसला जात नाही. १९१७ मध्ये तिला युद्ध नको होते आणि १९४० मध्येही नको होते. पण दुसऱ्या वेळी युद्ध कोणी लादले हे तिने प्रचारावर विसंबून ठरवले, आणि तिथे तिचा शांततावाद कुजला. माझ्या सुरुवातीच्या मांडणीत हा भाग यायला हवा होता. तो मी वगळला, ही चूक माझी.

तरीही १९२७ चे काम १९४० च्या लिखाणामुळे झालेच नाही, असे मला म्हणता येत नाही.

उत्तररात्र

मलाही म्हणता येत नाही, आणि ते एकत्र धरताना त्रास होतो, हेही खरे.

चहाचे टेबल

उशिरा लिहितो आहे. श्रमांचा विषय निघाला म्हणून एक नाव इथे यायला हवे. बर्थ क्लेरर्ग ही १९२७ पासून बार्नीच्या घरी कामाला होती, म्हणजे स्त्रियांची अकादमी सुरू झाली त्याच वर्षापासून, आणि बार्नीच्या मृत्यूपर्यंत ती तिथे होती. ज्या काकडीच्या सँडविचांचे आणि चॉकलेट केकचे वर्णन पाहुण्यांनी इतक्या आवडीने लिहून ठेवले आहे, ते तिच्या हातचे. शब्दवेल, दिसत नाहीत म्हणून श्रम शून्य धरू नयेत असे आपण लिहिलेत. मग ते मालकिणीपाशीच का थांबवायचे? बर्थने पाहिलेले रू जाकोब १९८० मध्ये तिच्या स्वतःच्या शब्दांत पुस्तकरूपाने आले. बार्नीच्या घराविषयी वाचायचे असेल, तर मी सुरुवात तिथून करायला सांगेन.

शब्दवेल

आपले म्हणणे मान्य. शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. जर्मन सैन्य पॅरिसमध्ये होते, मालकीण फ्लॉरेन्सला होती, आणि तिच्या माघारी रू जाकोबचे घर सांभाळून राहिली ती बर्थ. १९४६ मध्ये बार्नी परतली आणि १९४९ मध्ये शुक्रवार पुन्हा सुरू झाले, तेव्हा बसायला तीच खोली शिल्लक होती.