गाळणी, स्ट्रेनर की जाळी? आणि सीकॉकला काय म्हणायचं?

भीमातीर
उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालणाऱ्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनच्या फायबर बोटीसाठी जोडणीचं माहितीपत्रक मराठीत करतोय. एका वाक्यावर घोडं अडलंय. सूचना अशी आहे की स्ट्रेनरचं (इंजिन थंड करायला बाहेरून ओढलेल्या पाण्यातला कचरा अडवणाऱ्या भांड्याचं) झाकण उघडण्याआधी सीकॉक (ते पाणी आत घेणारा बुडाचा कॉक) बंद करा. मी लिहिलं, 'गाळणीचे झाकण उघडण्यापूर्वी झडप बंद करावी.' मसुदा वाचून कारागिराने बोटीच्या मागे, एक्झॉस्टच्या तोंडावर लोंबणाऱ्या रबरी पट्टीला हात लावला. त्याच्या लेखी बोटीतली झडप ती. बुडाचा कॉक उघडा ठेवून पाण्याच्या पातळीखालच्या गाळणीचं झाकण काढलं, तर धरण आत येतं. शिवाय या पाण्याला, म्हणजे 'रॉ वॉटर'ला, 'कच्चे पाणी' लिहिलंय, तेही कानाला खटकतंय. तीन शब्द सुचवा.

एमआयडीसी_फिटर
स्ट्रेनरच ठेवा की ओ. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कुठल्याही डाय हाऊसमध्ये (सूत रंगवायच्या कारखान्यात) विचारा, वाफेच्या लाइनवर 'वाय स्ट्रेनर' असतो, बोलताना 'स्टेनर' म्हणतात, पण समजतं सगळ्यांना. फक्त बोटीवर वाय स्ट्रेनर घेऊ नका असं पत्रकात ठळक लिहा. त्याची जाळी काढायला खालचं बूच पान्याने खोलावं लागतं आणि आत किती कचरा साठलाय ते बाहेरून दिसत नाही. बोटीला टोपलीचा लागतो, पारदर्शक झाकणाचा, हाताने फिरवून उघडणारा. जलपर्णीची मुळं टोपलीत बसली की वरूनच काळी जटा दिसते.

शब्दनिष्ठ
तुम्हीच 'टोपली' म्हणालात, 'जाळी' म्हणालात, मग मुख्य शब्दालाच मराठी का नको? गाळणी हा घराघरातला शब्द आहे. द्रव गाळते ती गाळणी, कोरडं चाळते ती चाळणी. इतका स्वच्छ भेद असलेली जोडी हाताशी असताना उसना शब्द घेण्याचं कारण मला दिसत नाही.

सांगोला_डाळिंब
गाळणी म्हटलं की चहा आठवतो, हे कारण. ठिबकवाल्याला 'फिल्टर' म्हणा, लगेच कळतं. स्क्रीन फिल्टर, डिस्क फिल्टर, सँड फिल्टर, गावोगाव चालतात हे शब्द.

एमआयडीसी_फिटर
फिल्टर मात्र नको. ठिबकचा फिल्टर बारीक कण अडवायला असतो, ड्रिपरचं भोक बुजू नये म्हणून. बोटीचा स्ट्रेनर पाला, शेवाळ, प्लॅस्टिक, शिंपले अडवतो. गाळ त्यातून आरपार जातो आणि जाऊ द्यायचा असतो. कुणी 'फिल्टर' वाचून ठिबकची बारीक जाळी आत घातली तर ती अर्ध्या तासात तुंबेल. पंपाला पाणी कमी पडेल, त्याचा रबरी इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) कोरडा फिरला तर मिनिटभरातही पाती जळतात. तुटलेले तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) नळ्यांत जाऊन बसतात, ते शोधून काढावे लागतात. नवा इंपेलर टाकून भागत नाही.

शब्दनिष्ठ
म्हणजे गाळणीतून गाळ जातो. हे वाक्य विचार करण्यासारखं आहे. गाळ आणि गाळणे एकाच मुळाचे. गळणे, त्याचं प्रयोजक गाळणे, खाली राहतो तो गाळ. गळती हा शब्दही तिथलाच.

पाना_पक्कड
गळतीवरून एक गोष्ट पत्रकात हवीच. बुडापासून पंपापर्यंतचा सगळा भाग ओढीचा आहे. झाकणाखालचं रबर सुकलं किंवा वाळूचा कण अडकला, आणि गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर असली, तर बाहेर थेंबही पडत नाही. उलट इंजिन चालू असताना तिथून हवा आत ओढली जाते. झाकणाखाली बुडबुडे पळताना दिसतात, एक्झॉस्टमधून पाणी अडखळत येतं, तापमानाचा काटा चढतो. वाचणारा 'गळती तपासा' वाचून ओल शोधत बसेल. तिथे 'हवा ओढते का ते पाहा' असं लिहा. रबराला सिलिकॉन ग्रीस लावायचं, झाकण हातानेच आवळायचं. पाना लावला की पारदर्शक झाकणाला तडा जातो.

होटगी_रोड
व्हॉल्व्हला आपल्याकडे सरळ 'चावी' म्हणतात. नळाला पाणी सोडणारा तो चावीवाला. सोलापुरात चार-चार दिवस त्याची वाट बघतात लोक, शब्द शिकवावा लागणार नाही. 'चावी बंद करा', विषय संपला.

पाना_पक्कड
बोटीत नाही चालणार. तिथे चावी म्हणजे इंजिनाची. त्यात चांगली रीत अशी की सीकॉक बंद केला की इंजिनाची चावी त्याच्याच दांडीला अडकवून ठेवायची, म्हणजे चावी घेताना कॉक उघडायची आठवण राहते. आता हे वाक्य लिहा बघू, 'चावी चावीला अडकवा'. साधं 'कॉक' म्हणा. गॅसचा कॉक, टाकीचा कॉक, सगळ्यांना माहीत आहे.

शब्दनिष्ठ
झडप हा शब्द शास्त्राच्या पुस्तकांतून रुळलेला आहे. हृदयाची झडप म्हणतोच ना आपण?

पाना_पक्कड
हृदयाची झडप खरोखर झडप आहे, पाकळी उघडते नि मिटते. एक्झॉस्टवरची रबरी पट्टीही झडपच. फूट व्हॉल्व्हमध्येही (विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला असतो तो) झडप असते, शेतकरी त्याला 'फुटबॉल' म्हणतात ते वेगळं. पण सीकॉकच्या आत आरपार भोक असलेला गोळा असतो, तो ९० अंश फिरतो. दांडी नळीच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. तिथे झडणारं, मिटणारं काही नाही. कारागीर चुकला नाही, शब्द चुकला.

आणि सीकॉक म्हणजे बाजारातला साधा बॉल व्हॉल्व्ह असंही होऊ देऊ नका. बुडातून आलेल्या नळीचे आटे सरळ असतात. नळकामाच्या बॉल व्हॉल्व्हचे आटे बऱ्याचदा निमुळते निघतात. दोन-तीन आट्यांतच पकडतो, हाताला घट्ट लागतो आणि पुढे कुणाचा पाय पडला की तिथूनच मोडतो. खऱ्या सीकॉकला खाली रुंद बैठक असते, ती बोल्टने बुडाला बसते. अमेरिकन बोट मानकात बसवलेल्या सीकॉकने २२७ किलोचा दाब ३० सेकंद सोसावा अशी अट आहे. बैठकीखाली फायबरचा जाड ठोकळा, पॉलियुरेथेन सीलंट चौफेर एकसारखं बाहेर येईपर्यंत आवळणं, आणि भोक पाडल्यावर कापलेल्या कडेला इपॉक्सी. सँडविच बुडात, म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये हलका गाभा असलेल्या बुडात, ती कड उघडी राहिली तर आतला गाभा पाणी पितो.

होटगी_रोड
'आटे' शब्द किती दिवसांनी वाचला! हल्ली सगळे 'चुडी' म्हणतात.

भीमातीर
मग 'तळकॉक' कसा वाटतो? उजनीत समुद्र नाही, तर 'सी' कशाला?

एमआयडीसी_फिटर
दुकानात तळकॉक मागितला तर काय देतील? 'सीकॉक' मागितला तर निदान कांस्याचा देतील. गोड्या पाण्यात साधं पितळ लवकर दगा देत नाही, पण हीच बोट उद्या मालवणला नेली तर खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. वाक्यच पूर्ण लिहा, 'बुडाचा कॉक (सीकॉक) बंद करा'. पहिल्यांदा दोन्ही, पुढे एकच. सोबत चित्र द्या, बूड, कॉक, नळी, गाळणी, नळी, पंप, याच क्रमाने. नळी आत तार गुंफलेली हवी, नाहीतर ओढीने चपटी होते. २५ मिमीची असेल तर टोकाला दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना. गाळणीवरचा बाण पंपाकडे.

शब्दनिष्ठ
'कच्चे पाणी' मलाही मान्य नाही. कच्चं फळ पिकतं, कच्चं पाणी कशात पिकणार? महापालिका 'अशुद्ध जलवाहिनी' लिहिते. अशुद्ध पाणी म्हणावं.

सांगोला_डाळिंब
अशुद्ध म्हटलं तर वाचणारा म्हणेल, इंजिनात घाण पाणी का घालू? ते फक्त बाहेरून घेतलेलं पाणी आहे, हीट एक्स्चेंजरमधून फिरून बाहेर जातं. 'बाहेरचं पाणी' लिहा, म्हणजे आतलं कूलंटचं पाणी वेगळं हेही कळतं. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली (उपयुक्त साठा संपला) की बाहेरचं म्हणजे निम्मा चिखलच, तेव्हा टोपली रोज बघायची हेही तिथेच लिहा.

पूर्वभाग
गाळणीबद्दल राहून गेलं. आमच्या तेलुगू घरांत चाळणीला 'जल्लेड', शेजारी कानडीत 'जरडी'. मराठी 'जाळी' तिथूनच आली असणार.

शब्दनिष्ठ
जाळी संस्कृत 'जाल'वरून. उच्चार जवळचा म्हणून नातं जोडता येत नाही.

पूर्वभाग
मग तुमचा गाळणी-चाळणीचा भेदही तपासा. वस्त्रगाळ चूर्ण कोरडंच असतं, तरी ते गाळलेलं, चाळलेलं नाही.

भीमातीर
मंडळी, 'बुडाचा कॉक' आणि 'बाहेरचं पाणी' घेतोय. गाळणी की स्ट्रेनर, ते अजून ठरलं नाही. पत्रक सोमवारी द्यायचंय.

शब्दनिष्ठ
वस्त्रगाळ हा आयुर्वेदाच्या परिभाषेतला शब्द, तिथे वस्त्र महत्त्वाचं. रोजच्या बोलण्यात पीठ कुणी गाळतं का?

पूर्वभाग
पीठ नाही गाळत. पण हळद, शिकेकाई वस्त्रगाळ करतातच की घरोघरी.