पेट्रोल कॉक ऑफ करूनही गळतोय, सील बदलू की काय करू?

अर्धा_चोक
मंडळी, माझी कार्बोरेटरवाली जुनी फोर-स्ट्रोक बाईक आहे. टाकीखालचा पेट्रोलचा नळ, म्हणजे कॉक, ऑफ करून लावली तरी सकाळी कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीखाली ओलं असतं आणि पेट्रोलचा वास सुटतो. शिवाय कॉकचा नॉब फिरवताना बोटांना पेट्रोल लागतं. खर्च सीलपुरताच करायचाय, अख्खा कॉक इतक्यात नको. घरी जमेल का?

सुसाट
नवा ओरिजिनल कॉक टाका, विषय संपवा. मी टाकला, परत बघावं लागलं नाही.

अर्धा_चोक
अख्खा नको म्हटलंय ना वर.

सुसाट
सीलचे लाड करत बसण्यापेक्षा बरं. पुढे तुमची मर्जी.

किकमास्टर
माझाही असाच गळायचा. कार्बोरेटरसकट सगळं बदलून टाकलं, आता गाडी पहिल्या किकला सुरू! सेल्फ वापरतच नाही.

जुना_फिटर
अहो, आधी दुखणं कुठंय ते तरी बघू द्या. अर्धा_चोक, कॉक समजा ऑन राहिला तरी ओव्हरफ्लो व्हायला नको. कार्बोरेटरमधला फ्लोटचा बाऊल (पेट्रोलची वाटी) भरला की नीडलने, म्हणजे फ्लोटवरच्या टोकदार सुईने, पेट्रोल अडवायचं असतं. ती धड बसत नसणार. म्हणजे आत कॉक सोडतोय आणि खाली नीडलही सोडतेय, दोन्हीकडून गंमत. नॉबपाशी ओलं होतंय ते बहुतेक ओ-रिंगचं (नॉबभोवतीच्या रबरी कडीचं), ते वेगळंच.

खात्री करायची तर गाडी थंड असताना, मोकळ्या हवेत, कार्बोरेटरकडची नळी काढून टोक काचेच्या बरणीत सोडा. कॉक ऑफ. तासाभराने बघा. बरणी कोरडी असेल तर कॉकला दोष देऊ नका, नीडल तपासा. थेंब जमले तर कॉक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, तेव्हा जवळपास गॅस, सिगारेट, इस्त्री काही नको.

टॉपगिअर_काका
सिलिकॉनचा पातळ हात मारा, गळती बंद. मी मारलाय, मस्त चाललंय.

जुना_फिटर
काका, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. मग त्याचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतात आणि गाडी चढावर धापा टाकते. कृपा करून नको.

टॉपगिअर_काका
माझ्याकडे अजून तरी नाही अडकलं. असो.

धूर_सोडू_नका
हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. फुगतं, मग चिरतं. व्हायटॉनच्या (पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या) ओ-रिंगा टाका, त्या टिकतात.

किकमास्टर
माझं सील इथेनॉलच्या आधीपासूनच गळत होतं. प्रत्येक गोष्टीला इथेनॉल नको.

धूर_सोडू_नका
तुमच्या सीलचं वय झालं असेल. मी रबराबद्दल बोलतोय.

शेवटचा_थेंब
एक विचारू? मी गाडीचा कॉक कायम रिझर्व्हवरच ठेवून चालवतो. काही बिघडतं का?

सुसाट
तळाचा कचरा थेट कार्बोरेटरमध्ये जातो. बंद करा.

जुना_फिटर
उलट अधूनमधून रिझर्व्हवर चालवावी, म्हणजे तळाशी पाणी साचून राहत नाही. मेनची नळी टाकीत वर उभी असते, रिझर्व्हचं तोंड तळाशी, एवढाच फरक. पण कायम रिझर्व्हवर चालवलीत तर पेट्रोल संपताना हाताशी काहीच उरत नाही, ढकलत जावं लागेल.

शेवटचा_थेंब
ढकलत गेलोय आधी :)

रात्रपाळी
माझ्या गाडीच्या कॉकला ऑफच नाही. ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम. हा बिघाड का?

जुना_फिटर
नाही, तुमचा व्हॅक्यूमचा कॉक आहे. इंजिन ओढायला लागलं की आतला डायफ्राम (पातळ रबरी पडदा) उघडतो. प्राइमवर मात्र पेट्रोल सतत उघडं राहतं, लावताना चुकूनही तिथे ठेवू नका. इंजिनकडून कॉककडे येणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढा. तिच्यात पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय.

अर्धा_चोक, बरणीत काय निघालं? आणि गळलेलं पेट्रोल इंजिनातही उतरू शकतं, तेव्हा इंजिन ऑइल बघितलंत का? डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर तसंच ऑइल घेऊन इंजिन चालवू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, किक मारताना पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

अर्धा_चोक
ऑइल ठीक आहे. बरणीत थेंब जमले, कॉकच नालायक. पण उघडायला गेलो तर नॉबच्या पत्र्याला स्क्रू नाहीत, रिव्हेट आहेत.

जुना_फिटर
मग तो खोलायचा कॉक नाही, आतलं सील मिळूनही उपयोग नाही. स्क्रूवाला असता तर चार भोकांची रबरी चकती काढून दाखवलं असतं, जिथे नॉबची आतली फिरकी घासते तिथे चकतीवर चकचकीत खाच पडते, पेट्रोल तिथूनच सरकतं. तुमच्या केसमध्ये अख्खा कॉकच, आणि टाकीला आवळताना बोल्टखालचे नायलॉन वॉशर विसरू नका, नाहीतर बोल्टमधूनच गळेल. नीडलही बदला.

सुसाट
मी पहिल्याच पोस्टमध्ये काय म्हटलं होतं?

अर्धा_चोक
सगळ्यांचे आभार. नळी मध्ये कापून एक बारीक पितळी तोटी बसवली. रात्री तीच बंद करतो. सकाळी खाली कोरडं! कॉक-बिक काही घेतलेलं नाही.

जुना_फिटर
तोटी कॉकच्या खाली आहे, नॉबची गळती तिच्या वर. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल टपकलं तर तोटी काय करणार?

अर्धा_चोक
नॉब ऑनवर सोडून दिलाय, हातच लावत नाही. अजून तरी ओला झाला नाही. झाला तर बघू.

टॉपगिअर_काका
तोटीला क्लिप मारल्या का दोन्ही बाजूंनी?

अर्धा_चोक
मारल्यात काका. एका बाजूची जरा सैल वाटते, उद्या बदलतो.