स्वतःच्या चाली रॉयल्टी-फ्री लायब्ररीत विकायच्या आहेत

प्रश्न (खानापूर):
हार्मोनियम, चौंडकं (तार ताणून वाजवायचं तालवाद्य) आणि हलगीवरचे सहा तुकडे तयार आहेत. चाली माझ्याच, हलगी सौंदत्तीकडच्या वादकाची. दोन तुकडे डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणारी कंपनी) यूट्यूब-स्पॉटिफायवर गेलेत. पाँड५ सारख्या अमेरिकी लायब्ररीत (एकदा पैसे भरून व्हिडिओसाठी संगीत वापरायचा परवाना देणारी साइट) देता येतील का? एक्स्क्लुझिव्ह द्यावेत का? अमेरिकेत कर किती कापतात?

उत्तर (शहापूर, बेळगाव):
आधी त्या दोन तुकड्यांचं बघा. डिस्ट्रिब्युटरकडे कंटेंट आयडी (यूट्यूबवर तुमचं संगीत आपोआप ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा) चालू असेल तर लायब्ररीतून पैसे मोजून परवाना घेणाऱ्याच्याच व्हिडिओवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, पडतो. तो पैसे परत मागतो, लायब्ररी तुकडा उतरवते. कंटेंट आयडी बंद करून घ्या, मग तोच तुकडा लावलेला एक खासगी व्हिडिओ चढवा. क्लेम आला नाही तरच पुढे जा.

एक्स्क्लुझिव्ह सुरुवातीला नको. तो तुकडा मग दुसरीकडे विकता येत नाही. आणि आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी भारतीय संस्था) सभासद असाल तर लायब्ररीच्या अटी वाचा. काही ठिकाणी अशा रचनाकाराचं संगीत घेत नाहीत.

उत्तर (निपाणी):
हलगीवाल्याकडून कागद घेतलाय का? बिदागी दिली म्हणजे हक्क मिळाले असं होत नाही. लेखी करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही घाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. लायब्ररी तर जगभरासाठी परवाना विकते. कागद त्या माणसाला कळेल त्या भाषेत करा, कन्नड असेल तर कन्नड. त्याचा मोबदलाही त्यात स्पष्ट लिहा, हे त्याच्या हक्काचं आहे.

उत्तर (चिकोडी):
कराचं: डब्ल्यू-८बेन (W-8BEN, परदेशी माणसाने भरायचा अमेरिकी कर फॉर्म) भरा, त्यात पॅन नंबर द्या, नाव पॅनवर आहे तसंच. मग अमेरिकी रॉयल्टीवर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के कापतात, नाहीतर ३०. सही केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो फॉर्म चालतो.

फाइल २४ बिट वेव्ह (WAV, आवाज न आवळता साठवणारी), ४८ किलोहर्ट्‌झ. एमपी३ वरून केलेली वेव्ह चालत नाही. हलगीचा ठोका फार तीक्ष्ण, तो रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीला, म्हणजे शून्य डीबीला, भिडून फाटतो; ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डीबीच्या खाली ठेवा. शेवटचा घुमारा पूर्ण विरू द्या, मध्येच कापू नका. पूर्ण तुकड्यासोबत ६०, ३० आणि १५ सेकंदांच्या आवृत्त्या करा, आणि एक मुख्य चाल काढून नुसता ताल. निवेदनाखाली तीच लागते. लांब आलापीने सुरुवात नको, व्हिडिओ कापणारा थांबून ऐकत नाही. टॅग इंग्रजीत, उपयोग सांगणारे: लग्न, जत्रा, गाव, प्रवास. नुसतं ‘चौंडकं’ लिहून परदेशातला माणूस शोधणार नाही.

प्रश्नकर्ता:
चौंडक्याची तार ताणली की सूर सरकतो. सॉफ्टवेअरने सरळ करू का?

उत्तर (चिकोडी):
नको हो, ती सरकच तर त्याचा जीव आहे. फक्त तार जिथे येऊन थांबते तो सूर हार्मोनियमशी जुळवा, आणि तेही रेकॉर्डिंगच्या आधी. हार्मोनियमची पट्टी बदलत नाही, तार बदलते.