मदत हवी आहे: माठातलं पाणी किती गार होऊ शकतं, आणि तिथेच का थांबतं?

नमस्कार मंडळी,

मुलगी दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. विज्ञान भाग १ मधला 'उष्णता' हा धडा सुरू आहे. अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता, दवबिंदू, सगळं तिला कळलंय, गणितंही सुटतात. गाडी अडली आहे ती माठापाशी.

आम्ही डोंबिवलीत राहतो आणि मे महिन्यात अकोल्याला माझ्या आईकडे जातो. तिथे बाहेर ४२ अंश असताना मागच्या ओसरीवरच्या रांजणातलं पाणी घशाखाली उतरताना जाणवेल इतकं गार असतं. तसाच माठ इथे आणला, तर मे महिन्यात पाणी जेमतेम गार आणि पावसाळ्यात जवळपास नळाचंच. 'सच्छिद्र भांड्यातून पाणी झिरपतं, बाष्पीभवन होतं, म्हणून पाणी थंड होतं' हे उत्तर दोन्ही गावांना सारखंच लागू पडतं ना, मग हा फरक कसला, असं ती विचारते.

तिचे आणखी दोन प्रश्न आहेत. ५४० कॅलरी प्रति ग्रॅम हा आकडा १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा. माठातलं पाणी ३० अंशांना उडतं, तेव्हा कोणता आकडा घ्यायचा? आणि उष्णता सतत बाहेर जात असेल, तर पाणी गार होत होत त्याचा बर्फ का होत नाही? क्लासमध्ये 'एवढं खोलात विचारत नाहीत, दोन मार्कांपुरतं लिही' असं सांगितलं. मी स्वतः कॉमर्सची. पण मुलीला पडलेला इतका चांगला प्रश्न दोन मार्कांवर मिटवून टाकावासा वाटत नाही. कृपया समजावून सांगा, आणि घरी काही मोजून बघता येत असेल तर तेही सुचवा.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. लेकीला माझी शाबासकी सांगा, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे.

आधी आकडा. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी लागतात, म्हणजे ५४० पेक्षा जास्तच. गार पाण्यातले रेणू सरासरीने मंद असतात, त्यांना पृष्ठभाग सोडायला जास्त ऊर्जा पुरवावी लागते. आता १० लिटरचा माठ घ्या. त्यातलं १०० ग्रॅम पाणी उडालं तर ५८,००० कॅलरी गेल्या. त्या सगळ्या आतल्या पाण्यातून गेल्या असं धरलं, तर १०,००० ग्रॅम पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरायला हवं. चहाचा एक कप पाणी उडालं की सगळा माठ ६ अंशांनी खाली! माठात एवढी ताकद कुठून येते ते इथे दिसतं.

आता थांबतं का ते. माठाच्या ओल्या पाठीवरून रेणू हवेत जातात, तसेच हवेतले बाष्पाचे रेणू परत पाठीवर येऊन बसतात. डोंबिवलीची हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे येणारे पुष्कळ आणि निव्वळ बाष्पीभवन थोडं. अकोल्याची मे महिन्यातली हवा कोरडी, तिथे जाणारे फार आणि येणारे अगदी कमी. दुसरी गोष्ट, पाणी हवेपेक्षा गार झालं की हवेतून माठात उष्णता शिरायला लागते. पाणी जितकं गार, तितकी ती जास्त शिरते, आणि बाष्पीभवन तितकं मंदावतं. शिरणारी आणि जाणारी उष्णता सारखी झाली की तापमान तिथे टिकतं. पाणी उडतच असतं, फक्त आणखी गार होत नाही.

या सीमेला ओल्या बल्बचं तापमान म्हणतात. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ते २२ अंशांच्या आसपास येतं. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर २८ च्या थोडं वर. तुमच्या दोन गावांमधला फरक तो हाच: एकीकडे २० अंशांची सूट, दुसरीकडे जेमतेम ५ अंशांची. प्रत्यक्षात माठ या सीमेच्या थोडा वरच राहतो.

प्रतिसाद २

वऱ्हाडातलाच आहे, म्हणून लिहितो. वरचं सगळं बरोबर, पण माठाकडेही बघा. हल्ली बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेले, नक्षीचे माठ मिळतात. रंगाने छिद्रं बुजतात, पाणी झिरपतच नाही, मग गार कुठून होणार? बोट फिरवून बघा, पाठ दमट लागली पाहिजे. जुन्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी भरतात, वरून पांढरट पापुद्रा दिसतो. काथ्याने घासून काही दिवस वाढवता येतात, नंतर बदललेला बरा. आणि माठ कोपऱ्यात कोंडून ठेवू नका, तिवईवर, वारा लागेल असा ठेवा. आमच्याकडच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचंही गणित हेच, म्हणूनच पाऊस सुरू झाला की कूलर नुसता ओलसर वारा फेकतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आमचा माठ रंगवलेला नाही, पाठ दमट लागते. मुलीने प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. बर्फाचा प्रश्न मात्र ती सोडत नाही: परत येणारे रेणूच काढून टाकले तर?

प्रतिसाद १

तर बर्फ होतो! १८१० मध्ये जॉन लेस्ली यांनी हे करून दाखवलं. काचेच्या हंडीखाली पाण्याचं भांडं आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल ठेवलं, पंपाने हवा काढून घेतली. आम्ल बाष्प शोषत राहिलं, परत येणारे रेणू उरले नाहीत, बाहेरून उष्णता पुरवायला हवाही नव्हती, आणि पाणी आपल्याच बाष्पीभवनाने गोठलं. हे घरी करायचं नाही, पण तर्क तिचा तिने बरोबर केलाय.

आपल्या देशातलंही एक उदाहरण सांगा तिला. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये अलाहाबादकडची बर्फ करण्याची रीत लिहून ठेवली आहे. थंडीच्या रात्री उघड्यावर, खड्ड्यात उसाची नाहीतर मक्याची वाळलेली ताटं पसरून त्यावर उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवत आणि पहाटे बर्फ गोळा करत. तिथे बाष्पीभवनाची मदत होती, पण मोठा वाटा निरभ्र आकाशाकडे होणाऱ्या उष्णतेच्या प्रारणाचा. खालच्या वाळलेल्या ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे.

प्रतिसाद ३

मोजायला मोठा माठ नको, संक्रांतीचं सुगड घ्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सहज मावतं. आधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. मग पाठ पुसून साधारण २५० ग्रॅम पाणी भरा, झाकण ठेवा आणि वजन लिहा. शेजारी तेवढंच पाणी स्टीलच्या झाकलेल्या डब्यात. दर तासाला दोन्हीचं वजन आणि तापमान. प्रयोगशाळेतली साधी तापमापी पुरते.

खरी मजा गणितात आहे. सुगडातलं १० ग्रॅम पाणी उडालं, तर हिशेबाने तापमान २३ अंशांनी उतरायला हवं. डोंबिवलीत उतरेल चार-पाच अंशच. उरलेली उष्णता खोलीतल्या हवेतून आत शिरली. तिला तो फरक कॅलरीत काढायला सांगा, सुगडात किती उष्णता शिरली ते घरबसल्या मोजल्यासारखं होईल.

सोबत दुसऱ्या तापमापीच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर धरा. ती जिथे स्थिरावेल, तेच ओल्या बल्बचं तापमान. सुगड त्याच्या खाली जाता कामा नये.

धागाकर्ती

सुगड भिजत घातलं आहे. मलमल गुंडाळूनही झालं: पंखा लावल्यावर ओली तापमापी उतरली, कोरडी होती तिथेच राहिली. पंखा वाढवला तरी ओली आणखी उतरली नाही, आणि इथे मुलगी परत अडली.

प्रतिसाद ३

पंखा हवा गार करत नाही, म्हणून कोरडी हलली नाही. ओलीजवळ साचलेली दमट हवा तो दूर नेतो, म्हणून ती उतरली. वेग वाढवला की बाष्पीभवन वाढतं, पण हवेतून शिरणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून आकडा तोच राहतो. सुगडालाही एकदा पंख्यासमोर ठेवून वजन बघा. पाणी भराभर उडेल, तापमान सीमेच्या आणखी जवळ जाईल, पण तिच्या खाली नाही.